मतपेटी आणि शेवटची एसटी: धर्मप्रांत परिषदांच्या सभासदांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या धर्मप्रांत परिषदा, वार्षिक कॉन्फरन्स आणि सर्वसाधारण सभा यांचे सन्माननीय सभासद, पाळकवर्ग आणि पास्टरेट प्रतिनिधी यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

आपल्या मोठ्या कामकाजी सभांमध्ये मतदान यंत्राने घ्यावे की कागदावर, ही चर्चा आता तरुण सभासदांच्या गप्पांपुरती राहिलेली नाही. मोबाइलवर लिंक पाठवली की दहा मिनिटांत निवडणूक उरकते, असे एक बाजू म्हणते. यंत्राच्या पोटात काय चालते ते आपल्याला दिसत नाही, तेव्हा हात वर करण्याची जुनी रीतच बरी, असे दुसरी बाजू म्हणते. मी अनेक वर्षे पास्टरेटचा, म्हणजे एका पाळकाकडे सोपवलेल्या मंडळी-विभागाचा, प्रतिनिधी म्हणून अशा सभांना बसलो आहे आणि चार वेळा मतमोजणीच्या टेबलावरही बसलो आहे. त्या अनुभवावरून मला असे वाटते की यंत्राची आपल्याला खरोखर गरज आहे. मात्र ते ज्या कारणासाठी मागितले जाते ते मुख्य कारण नव्हे, आणि ज्या रूपात ते सुचवले जाते ते रूप आपल्या उपयोगाचे नाही.

एका परिषदेची हकीकत सांगतो. ती कोणत्या मंडळीची आणि कोणत्या गावची, हे लिहिण्याचे प्रयोजन नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी अशी परिषद पाहिलेली आहे. सकाळी उपासना आणि प्रभुभोजन झाले, अध्यक्षीय भाषण झाले, अहवाल आणि हिशेब वाचून झाले. कार्यकारी समितीच्या तेरा जागांसाठी नामनिर्देशने जेवणानंतर आली, त्यांतल्या दोघांच्या पात्रतेवर वाद झाला, आणि नावे नक्की होऊन मतपत्रिका झेरॉक्स करून येईपर्यंत सहा वाजत आले. मिशन शाळेच्या सभागृहात बाकांच्या एकेका रांगेपुढून पेटी फिरू लागली. माझ्या मागच्या रांगेत एक वयस्कर बाई होत्या. चाळीस वर्षे आपल्या गावात संडे स्कूल चालवणाऱ्या, शेतात राबणाऱ्या. साडेसहाची एसटी ही त्यांच्या गावाकडे जाणारी शेवटची गाडी. पेटी त्यांच्या रांगेपासून अजून बरीच लांब होती. त्यांनी मतपत्रिकेची चार घड्यांची चिठ्ठी करून माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "मास्तर, माझी गाडी जाती. येवढी चिठ्ठी तुमच्यापाशी ठिवा अन् पेटी आली की टाका." दुसऱ्याच्या वतीने मत टाकता येत नाही, हा नियम मला ठाऊक होता आणि मी मोजणीदारही होतो. मी नाही म्हणालो. त्यांनी ती चिठ्ठी उपासना संगीताच्या पुस्तकात ठेवली, पुस्तक पिशवीत घातले आणि त्या निघाल्या. माझे उत्तर नियमाला धरून होते, आणि आजही ते आठवले की मला वाईट वाटते.

उरलेली रात्र मोजणीची. पेटीत २९८ मतपत्रिका निघाल्या. प्रत्येकीवर तेरापर्यंत फुल्या, म्हणजे ३,८७४ पर्यंत खुणा, एक जण मोठ्याने वाचणार, दुसरा फळ्यावर पाच-पाच काड्यांच्या जुड्या पाडणार, आणि उमेदवारांचे प्रतिनिधी खांद्यावरून पाहणार. पण मोजणी सुरू होण्याआधीच गाडे अडले, कारण हजेरीपत्रकावर सह्या २९६ होत्या. सही करून मत न टाकता गेलेल्या निदान एक बाई मला ठाऊक होत्या, म्हणजे खरा फरक दोनाचा नसून तीनाचा तरी होता. आवाज चढले. कोणी बनावट मतपत्रिकांचे नाव घेतले, कोणी मोजणीदारांकडे बोट दाखवले. दीड तासाने उलगडा झाला. दुपारी उशिरा पोहोचलेल्या एका जीपमधल्या प्रतिनिधींना स्वयंसेवकांनी दारातच मतपत्रिका देऊन टाकल्या होत्या आणि सह्या घ्यायच्या राहून गेल्या होत्या. कोणाच्याही मनात पाप नव्हते. मोजणी रात्री दीड वाजता संपली.

मोजणी चालू असताना सभागृहात सभा पुढे चालूच होती, कारण विषयपत्रिका संपवायची होती. रात्री दहाच्या सुमारास मिशनची एक जागा दीर्घ मुदतीच्या भाड्याने देण्याचा ठराव आला आणि हात वर करून मते घेतली गेली. दोन्ही बाजूंचे हात मिळून १७९ भरले. राहिलेले सव्वाशेच्या आसपास प्रतिनिधी कोण होते? ज्यांच्याकडे स्वतःची गाडी नव्हती ते, ज्यांची शेवटची एसटी निघून जाणार होती ते, ज्यांना पहाटे गुरे सोडायची होती ते. शहरातल्या पास्टरेटचे बहुतेक सगळे हजर होते, आणि ज्या तालुक्यात ती जागा होती त्या तालुक्यातले निम्मे प्रतिनिधी घरी पोहोचलेही होते. त्यांचा मताधिकार कोणी काढून घेतला नव्हता. तो वेळाने खाल्ला होता.

यंत्राची गरज मला पटली ती या रात्रीमुळे. आधुनिक दिसावे म्हणून नव्हे, पाहुण्यांपुढे शोभा व्हावी म्हणूनही नव्हे. ज्या सभेत एका निवडणुकीला आठ तास लागतात, त्या सभेत उरलेले सगळे निर्णय वाहनवाल्यांचे होतात. मोजणी वीस मिनिटांत झाली तर दुपारच्या उजेडात, सगळे हजर असताना मालमत्तेचा ठराव घेता येतो. परिषदा दोन दिवसांच्या करून मुक्कामाची सोय करावी, असा उपाय काही जण सुचवतात. तो चांगला आहे, पण रोजंदारी बुडवून दोन दिवस राहणे किती प्रतिनिधींना परवडेल, हे खेड्यातल्या कोणत्याही पास्टरेट कमिटीला विचारावे.

आता हात वर करण्याच्या रीतीविषयी. तिच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत पौल आणि बर्णबा यांनी मंडळ्यांसाठी वडील नेमल्याचे जिथे सांगितले आहे, तिथल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा धात्वर्थच हात लांब करणे असा आहे. अहमदनगरला १८३१ मध्ये आलेल्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा काँग्रिगेशनल होती आणि तिच्यात मंडळीचे निर्णय मंडळीनेच घेण्याला मान होता. पण चाळीस घरांच्या मंडळीत वर केलेला हात आणि तीनशे जणांच्या परिषदेत वर केलेला हात यांत फार फरक आहे. मोठ्या सभेत व्यासपीठासमोर जो हात वर होतो, तो व्यासपीठाला दिसतो. पाळकांच्या बदल्या, मिशन शाळांतल्या आणि दवाखान्यांतल्या नेमणुका, पास्टरेटला मिळणारे साहाय्य हे सगळे त्याच व्यासपीठाच्या आसपास ठरते. मी कोणावर दबावाचा आरोप करत नाही. दबाव कोणी आणलाच नाही तरी ज्याची मुलगी हंगामी शिक्षिका आहे तो बाप हात वर करण्याआधी क्षणभर थांबतो, आणि तो क्षण मी शेजारी बसून पाहिला आहे. शिवाय याच रीतीचा दुसरा दोष असा की त्या हातांची नोंद कुठेही राहत नाही. आपल्या प्रतिनिधीने जमिनीच्या ठरावावर काय मत दिले हे पास्टरेटला कधीच कळत नाही. म्हणजे ज्यांनी पाहू नये त्यांना दिसते आणि ज्यांना कळायला हवे त्यांच्यासाठी मागे काही उरत नाही.

म्हणून पहिला प्रश्न यंत्राचा नसून कोणते मत गुप्त असावे आणि कोणते उघड, हा आहे. व्यक्तींची निवड असेल तिथे मत गुप्तच हवे. धोरण, घटनादुरुस्ती आणि मालमत्ता यांच्या ठरावांत मात्र प्रतिनिधी स्वतःच्या नव्हे तर पास्टरेटच्या वतीने बसलेला असतो, आणि तिथे मला नावानिशी नोंद हवी. शिक्षिकेच्या त्या बापाला यामुळे अडचण होईल, हे मला कळते. पण आज तो फक्त वरच्यांना दिसतो. नोंद छापली गेली तर त्याच्या मागे त्याची मंडळीही उभी राहू शकते. हे ठरले की यंत्र कोणते घ्यावे, ते कसे वापरावे, हे प्रश्न पुष्कळ सोपे होतात.

इंग्लंडच्या चर्चची जनरल सिनॉड, म्हणजे त्या चर्चची सर्वोच्च सभा, हे या बाबतीत अभ्यासण्यासारखे उदाहरण आहे, आणि आपल्यातल्या अँग्लिकन वारशाच्या मंडळ्यांना तर ते जवळचेही आहे. तिथे बिशप, पाळकवर्ग आणि अयाजक (म्हणजे पाळक नसलेले सभासद) अशी तीन सदने आहेत आणि महत्त्वाच्या विषयांवर तिन्हींची मते वेगळी मोजतात. २० नोव्हेंबर २०१२ रोजी स्त्रियांना बिशप होऊ देण्याच्या प्रस्तावावर प्रत्येक सदनात दोन तृतीयांश बहुमत हवे होते. बिशपांत ४४ विरुद्ध ३, पाळकवर्गात १४८ विरुद्ध ४५ अशी मते पडली, पण अयाजकांत १३२ विरुद्ध ७४ झाली आणि अवघ्या सहा मतांनी प्रस्ताव पडला. इतक्या जिव्हाळ्याच्या प्रश्नावर इतका निसटता निकाल लागूनही मोजणीवर वाद माजला नाही, कारण कोणी कसे मत दिले याची यादी प्रसिद्ध झाली आणि आपले मत चुकीचे नोंदले गेले असते तर ज्याला त्याला ते तपासता आले असते. दुःख झाले, रागही झाला, पण तो निर्णयावर होता; आकड्यावर नव्हता. १४ जुलै २०१४ रोजी यॉर्कला तोच विषय पुन्हा आला आणि तिन्ही सदनांत मंजूर झाला.

त्याच सिनॉडमधली दुसरी गोष्टही सांगायला हवी. फेब्रुवारी २०१७ मध्ये विवाह आणि समलैंगिक संबंध यांवरील बिशपांच्या अहवालावर मतदान झाले, तेव्हा बिशपांच्या सदनात ४३ विरुद्ध १ असा आकडा आला. ते एक विरोधी मत कोव्हेंट्रीच्या बिशपांचे होते, आणि चुकीचे बटण दाबले गेल्याचे सांगून त्यांनी नंतर क्षमा मागितली. पाळकवर्गाच्या सदनात अहवाल ९३ विरुद्ध १०० असा फेटाळला गेला असल्याने त्या चुकीने निकाल बदलला नाही. विद्वान, अनुभवी, यंत्राला सरावलेल्या माणसाचेही बोट चुकू शकते, तर पहिल्यांदाच की-पॅड, म्हणजे मत देण्याचे छोटे बटणयंत्र, हातात घेणाऱ्या प्रतिनिधीला आपण दाबलेले बटण पडद्यावर दिसावे आणि वेळ संपेपर्यंत ते बदलता यावे, एवढी सोय करणे कर्तव्य आहे. मतदानाआधी एखाद्या निरुपद्रवी प्रश्नावर सराव घ्यावा. आज दुपारच्या जेवणात भात होता काय, असा प्रश्न विचारावा, आणि पडद्यावरचा आकडा हजेरीशी जुळेपर्यंत पुढे जाऊ नये.

आकडा जुळला नाही तर काय करावे, हे पुण्यातल्या आपल्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट बंधूंना त्यांच्याच इतिहासातून माहीत असेल. त्यांच्या जागतिक मंडळीचे अधिवेशन जुलै २०१५ मध्ये अमेरिकेत सॅन अँटोनियोला भरले होते. प्रतिनिधी अडीच हजारांच्या घरात, आणि त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणलेली. सुरुवातीच्या चाचण्यांतले आकडे पटेनात, तेव्हा ती यंत्रे बाजूला ठेवून कार्डे वर करून कामकाज चालवले गेले. स्त्रियांच्या पाळकपदाच्या दीक्षाविधीबाबत प्रत्येक विभागाला स्वतः निर्णय घेऊ द्यावा का, हा अधिवेशनातला सर्वांत नाजूक प्रश्न ८ जुलैला आला, आणि तो गुप्त कागदी मतपत्रिकेने सोडवला गेला: ९७७ होकार, १,३८१ नकार, ५ तटस्थ. खर्च करून आणलेले यंत्र भर सभेत बाजूला ठेवायला धैर्य लागते. यंत्र आणायचे तर त्याच खोलीत छापील मतपत्रिकांचा गठ्ठा आणि रिकामी पेटी तयार ठेवायला हवी, हा त्यातून मी घेतलेला धडा. त्यांनी यंत्राला कायमचा राम राम केला असेही नाही. महामारीनंतर, जानेवारी २०२२ मध्ये खास सभा भरवून त्यांनी आधी आपले नियम बदलले आणि मगच त्या वर्षीच्या अधिवेशनात दूर असलेल्या प्रतिनिधींना सहभागी करून घेतले. इंग्लंडच्या सिनॉडनेही २०२० मध्ये दूरस्थ सभांसाठी आधी स्वतंत्र तरतूद मंजूर केली. आपल्याकडे मात्र टाळेबंदीच्या काळात काही ठिकाणी व्हॉट्सॲपच्या गटावर अंगठा दाखवून ठराव मंजूर झाल्याचे मी पाहिले आहे, आणि ते नियमात कुठे बसतात हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

तिसरे उदाहरण सर्वांत गंभीर आहे. युनायटेड मेथडिस्ट चर्चची खास जनरल कॉन्फरन्स फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला भरली. मतदान इलेक्ट्रॉनिक होते आणि मुख्य ठराव ४३८ विरुद्ध ३८४ असा मंजूर झाला. पुढे झालेल्या चौकशीत, गैरहजर प्रतिनिधींच्या ओळखीवर चार अपात्र व्यक्तींनी मते दिल्याचे आढळले, आणि मंडळ्यांनी वेगळे होण्यासंबंधीच्या विषयावरील ४०२ विरुद्ध ४०० असे, दोनच मतांच्या फरकाचे एक मतदान संबंधित आयोगाने रद्द ठरवले. यंत्राने एकही मत चुकीचे मोजले नव्हते. त्याला दिलेल्या प्रत्येक मताची त्याने इमानाने नोंद केली होती. चूक दारात झाली होती, बिल्ला देताना झाली होती. आमच्या त्या रात्रीच्या जीपची आणि सेंट लुईसच्या भव्य सभागृहाची गोष्ट अखेरीस एकच आहे. मतदारयादी आणि हजेरी चोख नसेल तर यंत्र फक्त चुकीचा आकडा लवकर सांगते.

म्हणून माझी पहिली मागणी यंत्राची नाही, यादीची आहे. प्रत्येक पास्टरेटच्या प्रतिनिधींची नावे परिषदेच्या एक महिना आधी सर्व पास्टरेटना छापील स्वरूपात मिळावीत आणि हरकतींचा निकाल परिषदेच्या दिवसाआधी लागावा. वर्गणी थकल्यामुळे किंवा बदली झाल्यामुळे कोणाचे नाव गळायचे असेल तर ते दारात उभे राहून ठरू नये. परिषदेच्या दिवशी सही घेतल्याशिवाय ना मतपत्रिका मिळावी, ना की-पॅड. मतदान सुरू होताना अध्यक्षांनी हजर मतदारांचा आकडा मोठ्याने वाचावा आणि तो इतिवृत्तात लिहिला जावा. पेटीत किंवा पडद्यावर त्यापेक्षा एकही मत जास्त निघाले तर ती फेरी रद्द व्हावी.

दुसरी गोष्ट मोबाइलवरच्या लिंकची. मी तिच्या विरोधात आहे, आणि तरुण मित्रांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकावे अशी विनंती आहे. तुमच्या घरी प्रत्येकाच्या हातात फोन आहे. त्या संडे स्कूलच्या बाईंच्या घरी एकच चांगला फोन आहे आणि तो मुलाकडे असतो. ओटीपी त्याच्याकडे येईल आणि मतही तोच देईल. एका माणसाने दहा घरांतून ओटीपी गोळा करणे ही कल्पना नव्हे, शासकीय योजनांचे अर्ज भरताना आपण हे रोज पाहतो. घरून दिलेल्या मताजवळ कोण उभे होते, हे कोणालाच कळत नाही. आणि सभागृहातच फोनवरून मत द्यायचे म्हटले तर एकाच वेळी तीनशे फोन जोडणारे नेटवर्क तालुक्याच्या गावी मिळेलच, याची हमी कोण देणार?

त्याऐवजी दोन साधने मला आपल्या कुवतीतली वाटतात. ठरावांसाठी भाड्याने मिळणारी की-पॅड असावीत. ती इंटरनेटवर नव्हे, तर सभागृहातच ठेवलेल्या, संदेश घेणाऱ्या यंत्राशी (रिसीव्हरशी) रेडिओलहरींनी बोलतात. प्रत्येक की-पॅडला क्रमांक असतो. उघड मतदानात तो क्रमांक प्रतिनिधीच्या नावापुढे लिहावा आणि निकालानंतर नावांची यादी भिंतीवर लावावी. एखाद्या ठरावावर सभेनेच गुप्त मतदान मागितले तर की-पॅड गोळा करून टोपलीत मिसळावीत आणि दारातल्या यादीवर खूण करून प्रत्येकाने टोपलीतून एक उचलावे, म्हणजे कोणता क्रमांक कोणाकडे आहे हे चालकालाही कळणार नाही. यंत्र चालवणारा मनुष्य कोणत्याही उमेदवाराचा नातेवाईक किंवा मिशन संस्थेचा नोकर नसावा, हे सांगायला नको, पण लिहून ठेवायला हवे.

पदाधिकारी आणि समित्यांच्या निवडणुकीसाठी मात्र कागद राहावा, आणि तो यंत्राने मोजावा. आपल्या मुलांनी स्पर्धा परीक्षांत ओएमआर उत्तरपत्रिका भरलेल्या आहेत: काळ्या शाईच्या पेनाने गोल रंगवायचा आणि स्कॅनरने वाचायचा. तेरा जागांची तीनशे मतपत्रिकांची निवडणूक अशा पद्धतीने जेवणाची पंगत उठेपर्यंत मोजून होईल. संशय आला तर गठ्ठा पेटीतच आहे, हाताने मोजावा. संशय नसला तरी कोणत्याही तीन उमेदवारांची मते हाताने पडताळून मगच निकाल जाहीर करावा. इलेक्ट्रॉनिक म्हणजे कागदाशिवाय, असा समज आपल्यात उगीच रुजला आहे. देशाच्या मतदान यंत्रांनाही पुढे व्हीव्हीपॅटची जोड द्यावी लागली, आणि काचेआड सात सेकंद दिसणारी ती चिठ्ठी मतदाराच्या समाधानासाठी तर आहेच, वेळ पडली तर मोजण्यासाठीही आहे.

कागदाचा आग्रह धरण्यामागे आणखी एक व्यावहारिक कारण आहे, आणि ते आपल्या परिषदांच्या चिटणिसांना सांगायला नको. आपल्या बहुतेक मालमत्ता सार्वजनिक न्यासांच्या नावावर आहेत. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, आणि त्यावर कोणी हरकत घेतली की सभेची नोटीस, हजेरीपत्रक, इतिवृत्त हे सगळे तपासले जाते. त्या टेबलावर संगणकाच्या पडद्याचे छायाचित्र ठेवून भागणार नाही. सह्यांचे हजेरीपत्रक आणि मोहोरबंद गठ्ठा असेल तर पाच वर्षे चालणारा वाद एका सुनावणीत मिटू शकतो. आपल्या मंडळ्यांचा किती पैसा आणि किती मनःशांती कोर्टकचेऱ्यांत गेली आहे, हे मी नव्याने सांगावे असे नाही.

वयस्कर आणि कमी शिकलेल्या सभासदांना यंत्र जमणार नाही, ही हरकत मला मुळीच मान्य नाही. २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर मतदान यंत्रांवर झाली. तेव्हापासून खेड्यातली आजी निळे बटण दाबते आणि बीप ऐकूनच बाहेर येते. तिला काय जमत नाही ते आपण ठरवण्याआधी तिला विचारलेले बरे.

परमेश्वराच्या कार्यात मतमोजणी शोभत नाही, आत्म्याच्या प्रेरणेने एकमत व्हावे, असेही काही वडील मंडळी कळकळीने म्हणतात. त्या कळकळीशी माझे भांडण नाही. जागतिक चर्च परिषद तर बहुतेक निर्णय सहमतीनेच घेते आणि प्रतिनिधी नारिंगी व निळी कार्डे दाखवून कल कळवतात. ज्या विषयांत असे करता येते तिथे आपणही करावे. पण एका जागेसाठी दोन नावे असतात तेव्हा कोणीतरी मोजावेच लागते. नवा पोप निवडणारे कार्डिनलही हाताने लिहिलेल्या मतपत्रिका मोजतातच; मे २०२५ मध्ये ते १३३ होते आणि एका जागेसाठी मोजत होते, म्हणून त्यांना कागद आणि हात पुरतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला अस्तित्वात आले तेही सहा मंडळ्यांनी आपापल्या सभांत निर्णय घेतल्यानंतरच. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्ट मंडळीने ऐन वेळी मतदान करून त्या ऐक्याबाहेर राहायचे ठरवले. चार दशकांच्या वाटाघाटींनंतरचा तो निर्णय पुष्कळांना जिव्हारी लागला, तरीही मतदान झाले होते म्हणून तो मानला गेला आणि दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांच्या लग्नाकार्यांत आणि उपासनांत भेटत राहिली.

येत्या परिषदेत हे सगळे एकदम करा, असा माझा हट्ट नाही. पहिल्या वर्षी यादी आणि हजेरीचे नियम करावेत आणि निवडणूक ओएमआर मतपत्रिकेवर घ्यावी. की-पॅड दुसऱ्या परिषदेत, तेही आधी दोन-तीन किरकोळ ठरावांवर वापरून पाहावीत. या बदलांसाठी स्थायी नियमांत दुरुस्ती लागेल, आणि ती दुरुस्ती मांडणारा ठराव पास्टरेट कमिट्यांनी आतापासूनच आपापल्या सभांत मंजूर करून पाठवावा, म्हणजे तो वेळेत विषयपत्रिकेवर येईल.

एक गोष्ट मात्र यंत्र येवो न येवो, याच वर्षी करता येण्यासारखी आहे. परिषद जिथे भरणार आहे तिथल्या एसटी आगारातून आपल्या सर्व पास्टरेटच्या गावांकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा चिटणिसांनी मागवून घ्याव्यात. त्यांतली सर्वांत लवकरची वेळ धरावी, तिच्या एक तास आधीच्या वेळेनंतर कोणतेही मतदान घेऊ नये, आणि त्या हिशेबाने विषयपत्रिका उलटी आखावी. भाषणे आणि सत्कार त्यानंतर रात्री कितीही वेळ चालले तरी चालतील.

आपला ख्रिस्ती बंधू,
एक निवृत्त शिक्षक आणि पास्टरेट प्रतिनिधी